दीड नॅनोमीटरचं अंतर

चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा पावसाळ्यात सोलायला घेतला की वरच्या एक-दोन टरफलांखाली काजळीसारखी काळी भुकटी सापडते. बोटं काळी होतात, आपण कांदा नळाखाली धरतो आणि पुढच्या कामाला लागतो. ही भुकटी म्हणजे अस्परजिलस नायजर या बुरशीचे बीजाणू. 1928 साली डेटलेव्ह म्युलर या संशोधकाला याच बुरशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं. त्याचं नाव ग्लुकोज ऑक्सिडेज. हे विकर हजार प्रकारच्या रेणूंच्या गर्दीतून नेमका ग्लुकोज ओळखतं, त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि त्याला सोडून देतं. माझी आई रोज सकाळी बोट टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब टेकवते, त्या पट्टीचा इतिहास या बुरशीपासून सुरू होतो. आजही अनेक पट्ट्यांवर हेच विकर वाळवून बसवलेलं असतं.

पट्टीचं काम सांगायला सोपं आहे. विकराने ग्लुकोजकडून घेतलेले इलेक्ट्रॉन तारेत आणायचे आणि मोजायचे. जितकी साखर, तितके इलेक्ट्रॉन, तितका प्रवाह. विद्युतरासायनिक जैवसंवेदक म्हणतात तो हाच: एका टोकाला ओळखणारा जीवरेणू, दुसऱ्या टोकाला वीज मोजणारा इलेक्ट्रोड. आकडे किती मोठे असतात ते पाहा. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात उपाशीपोटी साधारण एक ग्रॅमच्या आत-बाहेर ग्लुकोज असतं, म्हणजे अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून जेमतेम एक चमचा साखर. पट्टी त्यातला अर्धा मायक्रोलिटर थेंब घेते असं धरू. त्या थेंबातल्या सगळ्या ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढले, तर ढोबळ हिशेबाने ते 33 कोटी गुणिले एक कोटी इतके भरतात. मोजायला काहीच कमी नाही. अडचण मोजण्याची नव्हतीच. इलेक्ट्रॉन बाहेर कसे आणायचे, ही होती.

आपल्याकडे म्हणतात, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे नेमकं उलट होतं. आड तुडुंब भरलेला होता, पोहराच नव्हता.

ग्लुकोज ऑक्सिडेज हा प्रथिनाचा मोठा गोळा आहे. ग्लुकोजशी व्यवहार करणारा भाग, त्याला फॅड म्हणतात, गोळ्याच्या पोटात दडलेला असतो. तिथून पृष्ठभागापर्यंतचं अंतर साधारण दीड नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, म्हणून मराठीत नॅनो तंत्रज्ञानाला अब्जांश तंत्रज्ञान असंही म्हणतात. दीड नॅनोमीटर हे अंतर आपल्याला शून्यासारखंच वाटेल, पण इलेक्ट्रॉनला ते ओलांडणं अवघड जातं. प्रथिनातून उडी मारण्याची त्याची शक्यता अंतर वाढेल तशी इतक्या झपाट्याने घसरते की दीड नॅनोमीटरच्या पलीकडे वापरण्याजोगा प्रवाह उरतच नाही. त्यात या विकराच्या अंगावर बाहेरून साखरेच्या साखळ्यांचं जाड पांघरूण असतं. विकर इलेक्ट्रोडवर नुसतं थापलं, तर ते ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन घेऊन गप्प बसून राहतं.

निसर्गात हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन उचलतो. ऑक्सिजनचा रेणू लहान, तो थेट आत शिरतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बाहेर पडतो. अमेरिकेतले लेलँड क्लार्क हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्तातला ऑक्सिजन मोजण्याच्या खटपटीत होते. त्यांनी 1956 मध्ये पातळ पडद्याने झाकलेला ऑक्सिजन-इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला आणि 1962 मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासोबत पुढची कल्पना मांडली: पडद्यापाशी ग्लुकोज ऑक्सिडेज कोंडून ठेवा, मग ऑक्सिजन किती घटला त्यावरून साखर कळेल. जैवसंवेदकाची सुरुवात ती हीच. पुढे उरलेला ऑक्सिजन मोजण्याऐवजी तयार झालेलं पेरॉक्साइड प्लॅटिनमवर मोजायची पद्धत रुळली आणि 1975 मध्ये ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज गावच्या कंपनीने या तत्त्वावरचं यंत्र बाजारात आणलं. ते प्रयोगशाळेच्या टेबलावरचं यंत्र होतं, स्वयंपाकघरात ठेवण्याजोगं नव्हतं.

या पद्धतीत दोन खोटी होत्या. एक म्हणजे ऑक्सिजन. थेंबात तो कमी पडला, तर साखर भरपूर असूनही आकडा खाली येतो. दुसरी अधिक त्रासाची. पेरॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टचा दाब लागतो, आणि तेवढ्या दाबाला रक्तातले इतर रेणूही इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. क जीवनसत्त्व देतं, युरिक आम्ल देतं, तापासाठी घेतलेली पॅरासिटामॉलची गोळीही देते. यंत्राला इलेक्ट्रॉन तेवढे कळतात, ते कोणी दिले हे कळत नाही.

पोहरा सापडला तो फेरोसिन या रेणूच्या रूपात. कार्बनच्या दोन पंचकोनी चकत्यांमध्ये लोखंडाचा एक अणू, एवढीच त्याची रचना. तो विकराच्या पोटापर्यंत पोचतो, इलेक्ट्रॉन उचलतो, इलेक्ट्रोडवर ओततो आणि पुन्हा आत जातो. तेही कमी दाबावर, त्यामुळे आगंतुकांची गर्दी कमी होते. ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड इथल्या गटांनी 1984 मध्ये हे काम प्रसिद्ध केलं, आणि 1987 मध्ये त्यावर आधारलेलं, पेनाएवढं साखर मोजायचं यंत्र विकायला आलं. आजच्या घरगुती पट्ट्या याच कल्पनेच्या वंशातल्या आहेत: कार्बनच्या शाईने छापलेले इलेक्ट्रोड, वर विकर आणि असा एखादा निरोप्या रेणू. दंडाला चिकटवून चौदा दिवस ठेवायचे जे संवेदक आता मिळतात, त्यांतल्या एका प्रकारामागे टेक्सास विद्यापीठातल्या अ‍ॅडम हेलर यांचं काम आहे. त्यांनी ऑस्मियमचे अणू बसवलेल्या लवचिक साखळीत विकर गुंफलं. इलेक्ट्रॉन एका ऑस्मियमवरून दुसऱ्यावर हस्तांतरित होत इलेक्ट्रोडपर्यंत येतो. एकेका पोहऱ्याऐवजी रहाटगाडगंच बसवल्यासारखं.

मग नॅनो पदार्थ कुठे आले? या विषयावर बरंच सैल लिहिलं-बोललं जातं, म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं.

नॅनो पदार्थांचा पहिला उपयोग पृष्ठभागाचा. गुळाचा खडा पाण्यात टाकला तर विरघळायला वेळ लावतो, तोच गूळ किसून टाकला तर लगेच विरघळतो, कारण पाण्याला भिडणारा भाग वाढलेला असतो. एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चौरस फूट. तेवढ्या जागेवर कितीतरी जास्त विकर बसतं आणि कितीतरी जास्त इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते.

असं सोनं तयार करणं फार जुनं आहे. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच सोन्याची माणकासारखी लाल द्रावणं करून दाखवली होती. सोन्याच्या क्षाराचं द्रावण उकळून त्यात सायट्रेट टाकलं की थोड्या वेळात ते गडद लाल होतं. ही 1951 मधली टर्केविच यांची रीत आजही प्रयोगशाळांत रोजची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने तर सायट्रेटऐवजी गवती चहाचा अर्क वापरला आणि त्यातून सोन्याचे त्रिकोणी, चपटे नॅनोकण मिळवले. हे काम 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या पातीचा आपण पावसाळ्यात चहा करतो, तीच पात सोन्याच्या अणूंना त्रिकोणात बसवते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घरामागच्या गवती चहाच्या बेटाकडे बराच वेळ बघत राहिलो होतो.

दुसरा उपयोग या लेखाच्या गाभ्याचा: सोन्याचा कण विकराच्या आतच नेऊन बसवायचा. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या इतामार विलनर यांच्या गटाने 2003 मध्ये ते करून दाखवलं. त्यांनी आधी विकरातलं फॅड काढून घेतलं. मग 1.4 नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाला नवं फॅड जोडलं, आणि रिकाम्या प्रथिनाला ते पुन्हा आपल्या पोटात घ्यायला लावलं. फॅड आपल्या जागी बसलं, सोबत सोनंही आलं, आणि त्या सोन्याचं दुसरं टोक इलेक्ट्रोडला जोडलेलं होतं. थेट आडाच्या तळापर्यंत नळी गेली. एरवी ऑक्सिजन या विकराकडून सेकंदाला सुमारे 700 इलेक्ट्रॉन उचलतो. सोन्यातून ते सेकंदाला सुमारे 5,000 या वेगाने वाहू लागले. निसर्गाने या विकरासाठी नेमलेल्या जोडीदारापेक्षा माणसाने बसवलेला धातूचा कण सातपट वेगवान निघाला. जैवसंवेदकांच्या इतिहासात याच्याइतका देखणा प्रयोग मला माहीत नाही. आकाराचा मेळ इथे महत्त्वाचा आहे. कण विकरातल्या त्या दीड नॅनोमीटरच्या अंतराच्या मापाचा होता, म्हणून तो आत बसला. सोन्याची तार कितीही बारीक ओढली तरी हे काम तिला जमलं नसतं.

पण अशी शस्त्रक्रिया जिकिरीची असते. सोपा मार्ग सगळ्यांनाच हवा होता, आणि कार्बन नॅनोनलिका आणि ग्राफिन हाती आल्यावर तो सापडल्यासारखं वाटलं. कार्बनच्या या अतिसूक्ष्म नळ्यांवर किंवा एका अणूइतक्या पातळ पत्र्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज नुसतं शिंपडा, इलेक्ट्रॉन थेट वाहतात, निरोप्याची गरज नाही, असे दावे करणारे शोधनिबंध ढिगाने आले. इलेक्ट्रोडवर फॅडची ओळखीची खूणही दिसत होती. मग 2016 मध्ये जॉर्ज विल्सन यांनी आणि 2018 मध्ये साउथॅम्प्टनच्या फिलिप बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने या दाव्यांची कसून तपासणी केली आणि सांगितलं की मूळ रूपातल्या ग्लुकोज ऑक्सिडेजमधून असा थेट प्रवाह वाहतो याला पुरावा नाही. ती खूण विकरातून सुटून कार्बनला चिकटलेल्या मोकळ्या फॅडची असू शकते. लोक ज्याला आडातलं पाणी समजत होते, ते काठावर सांडलेलं होतं.

असंच आणखी एकदा घडलं. नॅनोनलिका पेरॉक्साइड फार छान ओळखतात असं सगळे म्हणत होते. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं की ते काम नळ्या करतच नव्हत्या. नळ्या तयार करताना वापरलेल्या लोखंडाचे कण आत राहून गेले होते, ते करत होते. आणि 2020 मध्ये प्रागच्या मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी ग्राफिनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून त्याची विद्युतउत्प्रेरक ताकद वाढल्याचं मोजून दाखवलं. काहीही मिसळा, आकडा वाढतोच, तर मग नवा पदार्थ मिसळून आकडा वाढला हा शोध कसा म्हणायचा, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल मला फार मोलाचा वाटतो. नुसत्या वाढलेल्या प्रवाहाने माणसाच्या आजाराबद्दल काहीच कळत नाही.

कारण ओळखण्याचं काम नॅनो पदार्थ करत नाही. ते काम जीवरेणूचं आहे. आणि ओळखीत चूक झाली तर काय होतं, हे कागदावरचं उदाहरण नाही. ऑक्सिजनची कटकट नको म्हणून काही पट्ट्यांवर ग्लुकोज डिहायड्रोजनेज नावाचं दुसरं विकर वापरलं गेलं. त्याच्या एका प्रकाराला ग्लुकोज आणि माल्टोज यांत फरक करता येत नाही. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काही रुग्णांना जे द्रावण देतात, त्याचं शरीरात माल्टोज होतं. यंत्र साखर वाढलेली दाखवत होतं, त्यावरून इन्शुलिन दिलं जात होतं, आणि खरी साखर तोवर धोकादायक खाली गेलेली असायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये जाहीर केलं, की 1997 पासून अशा चुकीच्या आकड्यांशी जोडलेल्या 13 मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे आहे. त्या यंत्रात इलेक्ट्रॉनची वाहतूक उत्तम चालली होती.

मग साखरेसाठी नॅनोची गरज नव्हती का? माझं प्रामाणिक मत: फारशी नव्हती. साखर रक्तात इतकी मुबलक असते की छापील कार्बन आणि निरोप्या रेणू यांवर काम भागलं. नॅनो पदार्थांचं खरं शेत दुसरीकडे आहे, जिथे शोधायचा रेणू जवळजवळ नसतोच.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचं प्रमाण किती, यावर पुढचे निर्णय ठरतात. आधुनिक चाचणीत ट्रोपोनिन टी या प्रकारासाठी निरोगी माणसाची वरची मर्यादा एका लिटरला 14 नॅनोग्रॅम धरतात. साखरेच्या तुलनेत हे वजन सुमारे सात कोटी पटींनी कमी आहे. शिवाय ट्रोपोनिनकडून काढून घ्यावेत असे इलेक्ट्रॉनही सहज मिळत नाहीत. इथे आड जवळजवळ कोरडाच असतो.

यावरची युक्ती अशी. इलेक्ट्रोडवर ट्रोपोनिन पकडणारी प्रतिपिंडं बसवायची. रक्तातला रेणू तिथे अडकला की दुसरं प्रतिपिंड त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन चिकटतं, आणि या दुसऱ्याच्या पाठीवर सोन्याचा नॅनोकण असतो. बाकी सगळं धुऊन टाकायचं. मग तो कण रसायनात विरघळवायचा आणि सुटलेलं सोनं विजेने मोजायचं. दहा नॅनोमीटर व्यासाच्या एका कणात सोन्याचे सुमारे 30 हजार अणू असतात. म्हणजे अडकलेल्या एका प्रथिनामागे 30 हजार अणू हजेरी लावतात. एकाच वेळी वेगवेगळे रेणू शोधायचे असतील तर सोन्याऐवजी कॅडमियम, शिसं आणि जस्त यांचे सल्फाइड-कण वापरता येतात. प्रत्येक धातू वेगळ्या व्होल्टला इलेक्ट्रॉन सोडतो, त्यामुळे कोण आलं आणि किती आलं ते एकाच मोजणीत वाचता येतं. अमेरिकेत जोसेफ वांग यांच्या गटाने 2003 मध्ये डीएनएच्या तीन साखळ्या अशा एकदम ओळखून दाखवल्या. पृष्ठभाग, आकार आणि अणूंची ही मोठी फौज, या तिन्हींचं चीज इथे होतं.

तरीही प्रयोगशाळेतून घरापर्यंतची वाट लांब आहे, आणि या वाटेवर रक्त स्वतःच आडवं येतं. स्वच्छ क्षारद्रावणात रेणू शोधणं वेगळं, रक्तात शोधणं वेगळं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, ते दिसेल त्या पृष्ठभागावर चिकटतं. नॅनो पदार्थाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तिथे चिकटायलाही जागा मोठी. नॅनोनलिकांच्या एका घाण्यात काही नळ्या धातूसारख्या तर काही अर्धवाहक निघतात, पुढच्या घाण्यात हे मिश्रण जरा वेगळं. एक संवेदक उत्तम चालतो, पण लाखभर पट्ट्या एकसारख्या छापणं हे संशोधनाइतकंच अवघड काम आहे, आणि त्याला तेवढा मान मिळत नाही याची मला खंत वाटते. घरगुती यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने घातलेली अट बघितली की हे पटतं: 95 टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्क्यांच्या आत हवेत, साखर 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की थेंबात पाण्यासारखा भाग जास्त असतो, ग्लुकोज इलेक्ट्रोडपर्यंत भरभर पोचतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतं. चांगली यंत्रं आता थेंबाचा विद्युतरोध मोजून हा फरक दुरुस्त करतात, सगळी करत नाहीत. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. या दोन आकड्यांत एकच बाई दोनदा मोजली गेली असण्याची शक्यता किती दाट आहे, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नवकांत भट यांच्या गटाने केलेलं काम मला जवळचं वाटतं. हातात मावणाऱ्या एकाच यंत्रावर साखर, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी आणि मूत्रपिंडाची खबर देणारं लघवीतलं अल्ब्युमिन असं सगळं विजेने मोजायचं, हा त्यांचा ध्यास. त्या कामातून संस्थेच्या आवारातच पाथशोध ही कंपनी उभी राहिली, आणि भट यांना 2018 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

गेल्या मे महिन्यात आईचा आकडा एका सकाळी अचानक 260 च्या पुढे गेला. ती घाबरली, मीही. नंतर लक्षात आलं, तिने नुकताच आमरसासाठी हापूस पिळला होता आणि हात नुसते पदराला पुसले होते. अर्ध्या मायक्रोलिटर थेंबात सगळी मिळून अर्धा मायक्रोग्रॅम साखर असते. तेवढाच ग्लुकोज असलेला, डोळ्यांना न दिसणारा रस बोटावर राहिला तरी आकडा दुप्पट होतो. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून तिने पुन्हा बोट टोचलं, पट्टी लावली, आणि यंत्र पाच ते एक मोजत असताना आम्ही दोघं त्या छोट्या पडद्याकडे बघत बसलो. 124.